मला विचारून ठरवा

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला औषध मिळतं, समुपदेशन मिळतं, जमलं तर छोटंमोठं कामही मिळतं. घरात मात्र त्याला विचारायचं राहून जातं. कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, पगार कुणाच्या हातात राहायचा, लग्नाचं पाहायचं की नाही, हे सगळं त्याला बाजूला ठेवून ठरतं. आजार ओसरला तरी घरातली 'आजारी माणसाची' जागा तशीच राहते. पुण्यातल्या एका दिवसभराच्या पुनर्वसन केंद्रात मी सोशल वर्कर आहे. सावरणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांसमोर, स्वतःचं म्हणणं मांडता यावं यासाठीची तयारी हा माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग. मराठी मानसिक आरोग्याच्या वर्तुळात आजाराशी झुंजणाऱ्याला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आम्हीही तेच म्हणतो. इथे कुणाचं नाव लिहिणार नाही.

सकाळी ८.३०

केंद्र दहाला उघडतं, पण फोन साडेआठपासून वाजतात. या वेळचे बहुतेक फोन आयांचे. आजचा कोथरूडहून.

"मॅडम, हा अजून उठला नाही. रोजचंच झालंय. तुम्ही जरा दमात घ्या त्याला."

मुलगा सव्वीस वर्षांचा. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन काही वर्षं झाली, आता ऐकू येणारे आवाज शांत आहेत. रात्री ओलान्झापीन घेतो. या गोळीनं झोप जड होते, भूक खवळते, वजन चढतं, रक्तातली साखरही वाढू शकते. घरात सकाळच्या त्या जडपणाला 'आळस' म्हणतात, आणि दिवस टोमण्यानं सुरू होतो. गोळीचा परिणाम आणि माणसाचा स्वभाव यांतला फरक घरच्यांना कुणीतरी सांगायला हवा. मी सांगितला तर त्या मान डोलावतील आणि चार दिवसांनी विसरतील. त्यानं सांगितला तर तो त्या घराचा होईल.

मी काकूंना फोन त्याच्याकडे द्यायला सांगते. आईला गोळीबद्दल कधी बोललास का, विचारते. "तिला माहितीच असेल ना," तो म्हणतो. मग आम्ही दोघं मिळून शब्द जुळवतो, आणि फोन ठेवायच्या आत तो आईला सांगतो, "आई, रात्रीच्या गोळीनं सकाळी डोकं जड असतं गं. गोळीची वेळ बदलता येईल का, ते मी या वेळी डॉक्टरांना विचारणार आहे. तोवर आठला एकदाच हाक मार, सारखी नको."

पलीकडून काकूंचा आवाज येतो, "मग आधी सांगायचं ना रे!"

घरातली बरीच भांडणं अशी न सांगितलेल्या गोष्टींची असतात. एक नियम मी कटाक्षानं पाळते. शुभार्थीबद्दल घरच्यांशी जे बोलायचं ते त्याला सांगून, शक्य तेव्हा त्याच्या समोर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचारांबाबतच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहेच. पण कायदा नसता तरी हे करावंच लागलं असतं. ज्याच्या पाठीमागे आपण बोलतो, त्याला समोर येऊन बोल असं कुठल्या तोंडानं सांगणार?

सकाळी १०

सगळे जमतात. चहा होतो, वर्तमानपत्राचं मोठ्यानं वाचन होतं, आज कुणाची कामाची पाळी ते फळ्यावर चढतं. त्यानंतरची पंधरा मिनिटं वहीची. प्रत्येकानं एकच गोष्ट लिहायची, घरी सांगायची आहे पण सांगता येत नाही अशी.

आजच्या वह्यांमधलं काही:

'पाहुण्यांसमोर माझ्या आजाराचा विषय काढू नका.'

'गोळ्या मी आठवड्याच्या डबीत भरतो. खात्री करायची तर डबी बघा, दर तासाला विचारू नका.'

'मी हसलो की लगेच आजार वाढला असं समजू नका.'

'स्थळ आलं तर माझ्या आजाराबद्दल कधी आणि कुणी सांगायचं ते माझ्याशी बोलून ठरवा.'

शेवटचं वाक्य एका मुलीचं. तिच्या घरी आजार लपवून लग्न उरकायचं चाललंय. तिला लपवायचं नाहीये. ती म्हणते, गोळ्या लपवून घ्यायच्या म्हणजे एक दिवस चुकणार, आणि मग परत आजारी पडणार. तिचं बरोबर आहे. औषध अचानक तुटणं हे आजार उलटण्याचं फार मोठं कारण आहे. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून केलेलं लग्न पुढे फसवणुकीच्या मुद्द्यावर कोर्टात जाऊ शकतं. हे दोन्ही मुद्दे ती वहीत आपल्या वाक्याखाली लिहून घेते. घरी बोलताना तिला दोन्ही लागणार आहेत.

वहीची ही पद्धत आमच्या मनची नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेरी एलेन कोपलंड आणि त्यांच्या सोबतच्या काही लोकांनी १९९७ साली सावरण्याचा एक लेखी आराखडा तयार केला. तो बनवणारी माणसं स्वतः या आजारांतून गेलेली होती. सावरायला काय लागतं, याची त्यांनी पाच कलमं काढली: आशा, स्वतःची जबाबदारी, माहिती, स्वतःची बाजू स्वतः मांडणं, आणि आधार. आपल्याकडे घरचे आधार भरभरून देतात. पण चौथं कलम वगळून दिलेला आधार माणसाला उभं राहू देत नाही.

सकाळी १०.४५

आता सरावाचा तास. खुर्च्या गोल मांडायच्या, मधल्या दोन समोरासमोर. एका खुर्चीवर ज्याला बोलायचंय तो, दुसरीवर त्याच्या घरचं माणूस म्हणून आमच्यातलाच कुणीतरी.

अशा सरावाचं शास्त्र १९७० च्या दशकापासून रॉबर्ट लिबरमन यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी बांधत आणलं. अवघड गोष्ट लहान पायऱ्यांत तोडायची, करून दाखवायची, करून घ्यायची, काय चांगलं झालं ते आधी सांगायचं, मग परत करून घ्यायची. फळ्यावर आमच्या पायऱ्या कायम लिहिलेल्या असतात. आधी वेळ मागायची. मग नेमकं काय घडलं ते सांगायचं. त्यानं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. शेवटी काय हवंय ते मागायचं, एका वेळी एकच.

पाश्चात्त्य पुस्तकांत पहिली पायरी 'नजरेला नजर द्या' अशी असते. ती आम्ही बदलली. वडिलांशी किंवा सासऱ्यांशी डोळ्यांत डोळे घालून बोललं की आपल्या कित्येक घरांत मुद्दा बाजूला राहतो आणि 'उलटून बोलतोस?' यावर गाडी जाते. नजर खाली असली तरी चालेल, आवाज स्पष्ट हवा. आणि वेळ साधायला हवी. वडील कामावरून आल्या आल्या नाही, आई पोळ्या लाटत असताना नाही, मालिका चालू असताना तर मुळीच नाही. रविवारी सकाळी दुसऱ्या चहाच्या वेळी बहुतेक घरं ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात.

आज खुर्चीवर धायरीचा एक शुभार्थी. त्याची मोठी बहीण रोज त्याचा मोबाइल तपासते.

पहिल्या खेपेला तो म्हणतो, "तू नेहमी माझा फोन बघतेस. तुझा माझ्यावर विश्वासच नाही."

समोरची 'बहीण' ताडकन उत्तरते, "नेहमी? कधी बघितला नेहमी?" आणि भांडण सुरू. सगळ्यांच्या ते लक्षात येतं. 'नेहमी' म्हटलं की समोरचा नेमका तोच शब्द पकडतो.

दुसरी खेप. "ताई, पाच मिनिटं बोलू का? काल रात्री तू माझा फोन उघडून मेसेज वाचलेस. मला फार लाजल्यासारखं झालं. तुला माझ्या तब्येतीची काळजी वाटली तर मला विचार. फोन उघडू नकोस."

'बहीण' झालेली मुलगी सगळ्यात अवघड चेंडू टाकते, कारण तिच्या घरी तोच पडतो. "आम्ही काय तुझं वाईट चिंततो का रे?" आणि खरोखरच तिचा आवाज कापरा होतो.

इथे बहुतेक जण कोलमडतात. समोरच्याचं रडणं दिसलं की आपलं मागणं अपराध वाटू लागतं. तो थांबतो, मग हळू म्हणतो, "नाही ताई, चांगलंच चिंततेस. तरी फोन माझा राहू दे."

गट टाळ्या वाजवतो. प्रेम मान्य करायचं आणि मागणंही सोडायचं नाही, या दोन गोष्टी एका दमात बोलता येणं हे आमच्या सगळ्या सरावाचं सार आहे. घरी जायच्या आधी तो हे आणखी दोन वेळा म्हणणार. एकदा बहीण हसण्यावारी नेते असं धरून, एकदा ती 'बघू' म्हणून उठून जाते असं धरून. 'बघू' ला उत्तर तयार ठेवावं लागतं: "कधी बोलूया? उद्या रात्री?"

दुपारी १२

चाळिशी ओलांडलेल्या एक ताई. बायपोलर आजार आहे, भाऊ-वहिनींकडे राहतात. गेले काही आठवडे आम्ही त्यांचं आगाऊ सूचनापत्र तयार करतोय.

२०१७ चा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातली ही तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. कुठल्याही सज्ञान व्यक्तीला, पूर्वी आजार झालेला असो वा नसो, लिहून ठेवता येतं: माझी निर्णयक्षमता तात्पुरती गेली तर माझ्यावर कोणते उपचार करा, कोणते करू नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. हे सूचनापत्र क्षमता गेल्यावरच लागू होतं आणि ती परतली की थांबतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंद करावी लागते. पुढे केव्हाही बदलता येतं, रद्द करता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही. डॉक्टरांना किंवा घरच्यांना ते पाळू नये असं वाटलं तर त्यांनी परस्पर ठरवायचं नाही, मंडळाकडे जायचं.

पण आमच्या खोलीत बसून ताई जे लिहितात त्याचा बराच भाग घरासाठी असतो. आजार चढायला लागला की काय दिसतं ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत उतरवलंय. झोप तीन तासांवर येते, रात्री अकरानंतर जुन्या मैत्रिणींना फोन सुरू होतात, साड्यांची खरेदी होते, बोलण्याचा वेग वाढतो. ही खूण दिसली की घरच्यांनी काय करायचं तेही लिहिलंय. 'आधी मला सांगा. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. माझ्याशी वाद घालू नका. खोलीला बाहेरून कडी लावू नका.'

आणि एक ओळ त्यांनी अधोरेखित केली आहे. 'माझ्या गोळ्या आमटीत मिसळू नका.'

हे फार घरांत होतं. माणूस गोळी घेत नाही, घरचे घाबरतात, आणि गोळी कुटून आमटीत, चहात, दुधात जाते. करणाऱ्याच्या मनात माया असते, भीती असते. एकदा हे कळलं की काय होतं, ते ताईंनी भोगलंय. कित्येक दिवस त्या घरात फक्त केळी खात होत्या, कारण केळ्याचं साल आपण सोलतो. घरच्यांवर संशय घेणं हा आजाराचा भाग असू शकतो, अशा वेळी घरच्यांनीच त्या संशयाला पुरावा पुरवायचा? शिवाय ताटातली आमटी उरली तर किती औषध पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही. डॉक्टर वेगळ्याच हिशोबानं पुढचा डोस ठरवतात.

आज प्रश्न आहे प्रतिनिधी कोण, याचा. कायद्यानं साध्या कागदावर लिहून कुठल्याही सक्षम सज्ञान व्यक्तीला नेमता येतं, त्या व्यक्तीची लेखी संमती मात्र हवी. सगळ्यांनी भाऊ असं गृहीत धरलंय. ताई पेन खाली ठेवतात.

"दादा घाबरतो. घाबरला की मला ॲडमिट करून मोकळा होतो. वहिनी आधी विचारते. मला वहिनी हवी."

"मग दादांना कसं सांगाल?"

आम्ही अर्धा तास त्यावरच बसतो. दादानं केलेल्या गोष्टी आधी मोजायच्या: मध्यरात्री रिक्षा शोधली ती, भरलेली बिलं. मग निर्णय सांगायचा, कारण सांगायचं. परवानगी मागायची नाही, कारण हे त्यांनी ठरवलेलं आहे. आज संध्याकाळी बोलते, म्हणतात.

दुपारी १.१५

जेवण. डबे उघडतात, भाज्यांची देवघेव होते. कोथरूडचा मुलगा आलाय. साखर वाढल्यापासून तो भात कमी खातो आणि आईनं भरलेल्या डब्यातला अर्धा परत नेतो. आज त्याच्या डब्यात भाकरी आहे. काल रात्री त्यानं आईला सांगून ठेवलं होतं.

दुपारी २

ज्यांची या आठवड्यात डॉक्टरांची भेट आहे, त्यांची तयारी. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटंच मिळतात, आणि ती बहुधा नातेवाईक बोलतात. शुभार्थी शेजारी बसून स्वतःबद्दल ऐकत राहतो. म्हणून आम्ही एक चिठ्ठी लिहायला लावतो. त्रास एक, सुधारणा एक, प्रश्न एक. आणि खोलीत शिरताच म्हणायचं पहिलं वाक्य पाठ करून घेतो: "डॉक्टर, आधी मी सांगतो, मग आई सांगेल."

लिथियम घेणाऱ्यांची चिठ्ठी वेगळी असते. रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी झाली, ते त्यावर लिहिलेलं हवं. जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं तर पातळी चढू शकते. हात कापू लागले तर 'नाटकं करतो' असं ऐकून घ्यायचं की डॉक्टरांना कळवायचं, हे ज्याच्या हाताला कंप आहे त्याला पक्कं माहीत असायला हवं.

याच वेळात एक तरुण बाई भेटायला येतात. त्यांच्याशी मी वाक्यांचा सराव करत नाही. नवरा मारतो, आणि तोंड उघडलं की 'वेडी आहेस, मुलगा माझ्याकडेच राहील' म्हणतो. जिथे बोलल्यावर मार पडतो तिथे 'स्पष्ट बोला' हा सल्ला घातक असतो. अशा घरात आधी सुरक्षितता. औषधांच्या चिठ्ठ्या आणि कागदपत्रं माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवायची, रात्री-अपरात्री जायची वेळ आली तर कुणाच्या दारी जायचं ते ठरवून ठेवायचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मानसिक आजार असलेल्या बाईलाही तितकाच लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाताना सोबत कोण असेल ते आम्ही पक्कं करतो. त्या तिथे काय बोलणार याची तयारी मात्र करून घेते, कारण तिथे त्यांचं बोलणं त्यांच्या कामाला येणार आहे.

दुपारी ३.३०

आजची महत्त्वाची बैठक. शुभार्थी एकतीस वर्षांचा, एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो. वडील निवृत्त, आई, धाकटी बहीण. पगार थेट वडिलांबरोबरच्या संयुक्त खात्यात जातो, कार्ड वडिलांच्या पाकिटात.

माझे नियम सुरुवातीला सांगते. एका वेळी एकानंच बोलायचं. मागच्या दहा वर्षांचा हिशोब आज काढायचा नाही. आणि तो समोर बसलेला असताना 'हा असं करतो', 'याला कळत नाही' असं माझ्याकडे बघून बोलायचं नाही. त्याच्याकडे बघून 'तू' म्हणायचं. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड जातो. वडील पहिल्या काही मिनिटांत तीनदा अडखळतात. पण 'तू' म्हणायचं ठरलं की आवाज आपोआप खाली येतो.

मुलाच्या हातात कागद आहे. तो वाचत नाही, नुसता धरून ठेवतो.

"बाबा, माझा पगार सुरू झाला त्याचा मला अभिमान वाटतो. पण चहाला दहा रुपये मागावे लागतात तेव्हा सगळ्यांसमोर मान खाली जाते. मला माझं कार्ड हवंय."

वडील गप्प. बराच वेळ गप्प. अशा वेळी माझी जीभ वळवळते. मुलाच्या बाजूनं चार शब्द टाकावेत, वडिलांना समजवावं. मी टाकत नाही. मी बोलले तर हे त्याचं मागणं राहणार नाही, मॅडमचं होईल, आणि मॅडम संध्याकाळी त्यांच्या घरी नसतात.

शेवटी वडील म्हणतात, "आणि परत तसं झालं तर?"

तसं म्हणजे आजाराच्या भरात त्यानं साठवलेले पैसे दोन दिवसांत अनोळखी माणसांना वाटून टाकले होते. वडिलांची भीती खरी आहे. ती खोटी पाडायची नसते. मुलानं तिला उत्तर तयार केलंय. आता तो कागद उघडतो. वेगळं बचत खातं. त्यात महिन्याला चार हजार, बाकी पगार आहे तिथेच. सलग तीन रात्री झोप चार तासांहून कमी झाली तर तो स्वतः कार्ड बहिणीकडे देईल. त्याबदल्यात रोज सकाळी 'झोप झाली का' एवढंच विचारायचं, खिसे तपासायचे नाहीत.

वडील तीन हजार म्हणतात, तीन महिने बघू म्हणतात. मुलगा विचार करतो आणि 'चालेल' म्हणतो. बहीण कागदावर तारीख टाकते. आई विचारते, "आणि मी काय करू?" मुलगा हसून म्हणतो, "तू काळजी कर, पण पाकिटाची नको."

कायदा सांगतो की एखादा निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्या माणसाला निर्णयक्षमता नाही असं ठरवता येत नाही. तो नियम उपचारांच्या निर्णयांसाठी आहे. घरातल्या पैशांना, कपड्यांना, मित्रांना मी त्याच न्यायानं बघते. चुकण्याचा हक्क घरात बाकी सगळ्यांना असतो, तो एकट्या शुभार्थीकडून काढून घेऊ नये.

घरचं वातावरण आजारावर किती परिणाम करतं, हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्यांचा पाठपुरावा केला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले काही जण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. पुढच्या संशोधनातून कारणं दिसली: सततची टीका, मनातला राग, आणि अति गुंतणं. १९८७ साली चंदीगडच्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लंडनपेक्षा टीका करणारे नातेवाईक बरेच कमी आढळले. आपल्या घरांमध्ये ही ताकद आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिलं होतं. कुटुंबाला उपचारात घ्यायला आपण फार आधी शिकलो. आता त्या कुटुंबात शुभार्थीचा आवाज घ्यायचा आहे.

संध्याकाळी ५

शुभंकरांचा गट. ऑफिसातून थेट आलेला नवरा, पंच्याहत्तरीच्या आजी, दोन भाऊ, एक सून. पुण्यात अशा गटांची चांगली परंपरा आहे. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेनं शुभंकरांना एकमेकांशी बोलायला जागा दिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' चित्रपटामुळे भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण कित्येक घरांना ओळखीची वाटली. शुभंकर थकलेले असतात, आणि त्यांचं थकणं कुणी विचारत नाही. म्हणून पहिला अर्धा तास त्यांचा.

मग आजी विचारतात, "म्हणजे आता तो म्हणेल ते सगळं ऐकायचं का?"

नाही. ऐकून घ्यायचं सगळं, मान्य करायचं ते पटेल तेवढं. शुभार्थीला मागायचा हक्क आहे तसा घरच्यांना 'हे मला झेपणार नाही' म्हणायचा आहे. काही गोष्टींत मात्र वाटाघाट नसते. जीव द्यायची भाषा, कुणाला इजा करणं, औषध एकदम बंद करणं. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. रात्री कुणी सापडलं नाही तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मी तो प्रत्येकाला फोनमध्ये साठवायला लावते.

मग त्यांचाही सराव होतो. मुलगा काही सांगू लागला की उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणायचं. "म्हणजे तुला पाहुण्यांसमोर तो विषय नको, असंच ना?" एवढंच. ऑफिसातून आलेले गृहस्थ दोन वेळा चुकून सल्लाच देतात, तिसऱ्यांदा जमतं. ते म्हणतात, बायको गेले कित्येक महिने काहीतरी सांगत होती, मी प्रत्येक वेळी उपाय सांगत बसलो. आजी त्यांच्या हातावर हात ठेवतात.

मी शुभंकरांना कायम एक सांगते. तुमचं माणूस ज्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा 'नाही' म्हणेल, तो दिवस बिघडण्याचा समजू नका. आजारानं त्याला कित्येक वर्षं गप्प केलं होतं. आवाज तापलेला असेल, शब्द तिरके पडतील, तरी तो बोलतोय. सावरण्याची ही खूण वजनकाट्यावर किंवा रक्ताच्या रिपोर्टात दिसत नाही, ती जेवणाच्या ताटाशी दिसते.

संध्याकाळी ६.४५

नोंदी लिहायची वेळ. कोण काय म्हणाला यापेक्षा कोण काय म्हणू शकला ते लिहिते. कार्डाच्या करारावर तीन महिन्यांनंतरची तारीख टाकते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती फायलीत लावते. लग्नाचं वाक्य लिहिणाऱ्या मुलीला आईवडिलांसमोर बोलताना मावशी सोबत हवी आहे. मावशीला तीच बोलावेल, मी फक्त आठवण करायची.

सात वाजता ताईंचा फोन येतो. दादाशी बोलल्या. दादा आधी रागावला, मग बराच वेळ काही बोलला नाही, मग त्यानं विचारलं, "मी का नाही?" ताईंनी ठरवल्याप्रमाणे आधी त्याची रिक्षा आठवली, बिलं आठवली, मग सांगितलं, "तू घाबरतोस दादा. वहिनी विचारते."

"मग?"

"मग तो म्हणाला, साक्षीदार म्हणून माझी सही चालेल का?"

मी सांगते, नियम बघून उद्या सांगते. वहिनी उद्या बाराला संमतीचा कागद द्यायला येणार आहेत. सूचनापत्राचा पक्का मसुदा ताई आज रात्री स्वतःच्या अक्षरात लिहून काढतील, आणि आमटीची ओळ, त्या म्हणाल्या, त्या सगळ्यात वर घेणार आहेत.